डावीकडची नाभी

"…पण बाई, पुस्तकातला निम्म्याहून जास्त भाग मीच लिहिलाय ना?"

काळमेघ बाईंनी पुढ्यातले प्रस्तावनेसाठीचे कोरे कागद बाजूला सारले. चाळीस वर्षं अचलपूरच्या कॉलेजात गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता बोलण्याचाही त्यांना शीण येई.

समोर बसला होता निरंजन खोलकुटे, त्यांचा जुना विद्यार्थी. भूमितीचं पुस्तक त्यानं आणि त्याचा वर्गमित्र मोईन यानं मिळून लिहिलं होतं. पुढे दोघांचं बिनसलं, बोलणं बंद झालं. त्यालाही सहा वर्षं झाली. आता नव्या आवृत्तीतून निरंजनला मोईनचं नाव काढायचं होतं. बाईंनी प्रस्तावना लिहिली की कोणी काही विचारणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

बाईंनी पाटी ओढली. अपास्ताचं, म्हणजे हायपरबोलाचं, समीकरण लिहिलं. क्ष वर्ग भागिले सोळा, वजा य वर्ग भागिले नऊ, बरोबर एक. खाली एकमेकींकडे पाठ केलेल्या दोन शाखा काढल्या.

"नाभी सांग, दोन्ही फोकस."

निरंजनला हसू आलं. "सोळा अधिक नऊ, पंचवीस. वर्गमूळ पाच. एक नाभी उजवीकडे पाचवर, एक डावीकडे पाचवर." त्यानं दोन ठिपके दिले.

"समीकरणात तर वजा आहे."

"नाभी काढताना बेरीजच करावी लागते. तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी तळहातानं पाटीची डावी बाजू पुसली. शाखा गेली, ठिपकाही गेला.

"आता उजव्या शाखेचं टोक पडताळून दाखव. पुस्तकात दिलंय तसं, दोन्ही नाभींपासूनच्या अंतरांचा फरक काढून."

निरंजननं खडू उचलला. टोकापासून उजव्या नाभीचं अंतर एक. ते त्यानं लिहिलं. मग दुसरं अंतर मोजायला हात डावीकडे गेला…

तिथे काही नव्हतं.

थोडा वेळ त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं पुसलेल्या जागी पुन्हा ठिपका दिला. अंतर नऊ. फरक आठ, यायला हवा तेवढाच. ते लिहून त्यानं खडू खाली ठेवला.

प्रस्तावनेचे कोरे कागद त्यानं पिशवीत परत घातले.

"उत्तर बरोबर आहे ना, बाई?" त्यानं हळूच विचारलं.

बाईंनी चष्मा काढून डोळे मिटले.

"बरोबर आहे… गेल्या महिन्यात मोईनचंही बरोबरच आलं होतं. तो पुस्तकातून तुझं नाव काढायला आला होता."