खोबरेल थिजलं तेव्हा

त्या राज्यात एकीवर एक अशा दोन फळ्या होत्या आणि दोन्हींवर कायम थंडी असे. भांडण मात्र कधी होत नसे. रोज सकाळी गुळगुळे मुकादम फळ्यांच्या मधे खोबरेल ओतत, मग वरची फळी फेरीला निघे आणि कुणाचं टोक कुणाला न लागता सरकत जाई. फळ्यांवर राहणारे उंचवटे यालाच चांगली वागणूक म्हणत. समोरचा जवळ आला की मान आखडून घ्यायची, अशी तिथली रीत होती.

खालच्या फळीवरच्या उंचवट्यांत कंगोराबाई राहत. त्यांच्या शेजारच्या खाचेत एका कोळिणीनं आपलं अंडं ठेवलं होतं आणि जरा लक्ष ठेवा असं सांगून ती गेली होती. अंड्याला ऊब हवी होती. ती कुठून आणायची, हे राज्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. अंड्यातली चुळबुळ रोज थोडी मंद होत होती.

एके सकाळी थंडी इतकी वाढली की खोबरेलच थिजलं. मुकादमांनी भांडं पालथं केलं तरी थेंब पडेना. फेरी चुकवण्याची सोय नव्हती, म्हणून वरची फळी कोरडीच निघाली. थोडी सरकते तोच तिच्यावरचे टोकेराव थेट कंगोराबाईंमध्ये अडकले.

“डोळे घरी ठेवून निघालात का?” बाई म्हणाल्या.

“तुम्हीच वाटेत अंग पसरून बसलात. केवढ्या जाड आहात!”

फळीनं जोर लावला. दोघं वाकले, निसटले आणि झटक्यानं सरळ झाले. त्यांचा धक्का फळ्यांच्या आतल्या, मागच्या कणांना बसला, त्या कणांचा त्यांच्या मागच्यांना. जागच्या जागी गारठून उभे असलेले कण थरथरू लागले. परतीच्या फेरीत दोघं पुन्हा अडकले, पुन्हा बोलाचाली झाली, आणि थरथर आणखी खोल गेली. अंगात हे ऊबदार काय येतंय, असं मागचे एकमेकांना विचारू लागले.

बाईंची नजर शेजारी गेली. खाचेतलं अंडं हलत होतं.

“थांबू नका,” त्या टोकेरावांना हळूच म्हणाल्या. “माझ्या जाडपणाबद्दल काय म्हणत होतात?”

दुपारी खोबरेल आपोआप वितळलं. मुकादम उशिराबद्दल माफी मागत धावत आले, ओतायला वाकले आणि तसेच राहिले. तांदळाच्या कणीहून लहान कोळी टोकेरावांच्या टोकावर चढला होता. तिथून सोडलेला पहिला धागा त्यानं कंगोराबाईंच्या टोकाला बांधला होता. फळी पुढे गेली की धागा ताणला जाई, मागे आली की सैल पडे. दोघं अजून भांडत होते, आणि धाग्यावर पिल्लू झोके घेत होतं.