रेवणच्या गळ्याची शपथ

अगं थांब, चप्पल नंतर घाल, आधी हे ऐक. आत्ता दवाखान्यातनंच येतेय.

एका गावात एक मुलगा होता. म्हणजे आपल्याच सोलापुरात, आमच्या मागच्या गल्लीत. रेवण, दहावीतला. खो-खोत कुणाच्या हाताला लागायचा नाही. येत्या रविवारी जिल्ह्याची निवड, आणि वडिलांनी बजावलेलं, "परत गच्चीवरनं उड्या मारताना दिसलास तर खो-खो बंद."

पण शेजारची गच्ची चारच फुटांवर. रोज हा इकडनं तिकडं. कधी काही झालं नाही, म्हणून त्याला वाटलं, होतच नसतं.

काल सकाळी शेजारणींनी तिकडं कुरडया घातलेल्या. प्लास्टिकच्या कागदाची कड कठड्यावर घेऊन विटेखाली दाबलेली. त्याचा मित्र मकरंद म्हणाला, "आज नको बे, घसरशील."

"तू कुरडया राखत बस," असं म्हणून रेवण उडालासुद्धा.

पाय कठड्यावरच्या कागदावर पडला आणि सटकला. पोट कठड्यावर आदळलं, आणि तो खाली, स्कूटर लावायच्या पत्र्याच्या छपरावर. मकरंद धावत खाली, तर हा हसत उठलेला. नुसतं कोपर सोललेलं.

"मक्या, माझ्या गळ्याची शपथ घे. जिन्यात घसरलो म्हणायचं."

मक्याने घेतली. आणि गळ्याची शपथ मोडली की तो माणूस मरतो, हे आपण सगळेच ऐकत आलोय ना.

आईने गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "कसा पडलास?" हा म्हणाला, "जिन्यात." त्यांनी कोपराला पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं.

तासाभरात रेवण पांढराफटक. अंगाला गार घाम, पोट धरून कुशीवर. आई म्हणाली, उन्हाचं असेल, आणि सरबत करायला गेली. मक्या शेजारी बसून नखं खातोय.

"शपथ सुटली म्हण रे."

"नाही. रविवारी निवड आहे."

मक्या उठला, बसला, परत उठला. बोललो तर शपथेने मरेल, नाही बोललो तर असाच. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, "काकू, हा जिन्यात नाही पडला. गच्चीवरनं पडला. पोटाला कठडा लागलाय."

सरबत तसंच राहिलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, तर पोटात आत रक्त साठलेलं. लगेच ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर हातात काही नव्हतं.

आज रेवणने डोळे उघडले. मक्याला बघून पहिलं काय म्हणाला? "शपथ मोडलीस."

मक्याने त्याच्या गळ्यावर हात ठेवला. "मोडली. गळा आहे बघ जागेवर."

निवड गेली. रेवण राहिला.

तात्पर्य: धाडस अंगाशी आलं तर मार बसतो, पण तो लपवला तर जीव जातो, म्हणून मित्राची शपथ मोडावी, मित्र मोडू देऊ नये.

आता खरं सांग, मक्याच्या जागी तू असतीस, तर बोलली असतीस?