वारा समोरून होता

“वारा समोरून होता, बाबा. मग मागची हाक मला ऐकू कशी येणार?”

हेरंबनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

धाकू तांडेल सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बाबा, तुम्हाला विचारतोय.”

“आयकतोय मी,” तांडेल म्हणाले, आणि पुन्हा कावळ्यांकडे वळले.

कोकणात वेळासच्या अलीकडे एक लांबलचक पुळण आहे, वाळूचा सपाट किनारा, तिथली ही गोष्ट. धाकू तांडेल तिथले. मचव्यांना इंजिनं बसायच्या आधी शिडावर दर्या मारलेला माणूस. त्यांना वय विचारलं तर मोडीत गेलेल्या मचव्यांची नावं सांगतात.

हेरंब माझा भाचा, पुण्यात इंजिनिअर. मी त्याचा मामा. म्हणजे जीप माझी, स्टिअरिंग माझ्या हातात आणि अक्कल सगळी त्याची.

त्याला नाद शिडाच्या गाडीचा. तीन चाकांचा लोखंडी सांगाडा, एका माणसापुरती बैठक, मधोमध डोलकाठी आणि शीड. इंजिन नाही, ब्रेक नाही. ओहोटीला वाळू कडक झाली की बसायचं आणि वाऱ्यावर सुटायचं. शिडाची दोरी ओढली की गाडी पळते, सोडली की थांबते. एवढंच शास्त्र, पण या पोरानं त्यावर वह्या भरल्या होत्या.

वाऱ्याचं शिक्षण त्यानं तांडेलांकडे घेतलं. दोन हिवाळे शनिवार-रविवार इथे येऊन राहायचा. तो तांडेलांना ‘बाबा’ म्हणायचा. तांडेल त्याला ‘विंजनेर’ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं.

गाड्या बनवायचा त्याचा धाकटा भाऊ, सुधन्वा. त्याचं कोल्हापुरात सायकलींचं दुकान. गणित हेरंबचं आणि वेल्डिंग सुधन्वाचं, अशी वाटणी होती. नाव मात्र एकट्या हेरंबचं व्हायचं. सुधन्वाला त्याचं काही वाटत नसावं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी दोघं भाऊ दोन गाड्या भाड्याच्या जीपच्या टपावर बांधून निघाले. पुळण दिसली की उतरायचं, ओहोटी साधायची, पुढे निघायचं. असं करत करत थेट कच्छ गाठलं. तिथे चिखलाचा एक अफाट माळ आहे. पावसाळ्यात पाण्याखाली असतो, हिवाळ्यात वाळून फरशीसारखा सपाट होतो. ना झाड, ना माणूस. शिडाच्या गाडीला याहून चांगली जागा नाही.

सुधन्वाला जायचं नव्हतं. दुकानात हंगाम होता. “दादाला बरं वाटेल, जा,” असं मीच त्याला म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या गाडीचं चाक पापुद्रा फोडून खालच्या ओल्या चिखलात गेलं. गाडी त्याच्या अंगावर उलटली आणि मांडीच्या हाडाचे तीन तुकडे झाले.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर तो हेरंबला एकच वाक्य बोलला. “मी हाक मारली होती.”

त्यानंतर आजतागायत तो भावाशी बोललेला नाही. आता काठी घेऊन चालतो.

हेरंबचं उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं. वारा समोरून होता. त्यानं सगळ्यांना कागदावर बाण काढून समजावलं. समोरचा वारा आवाज मागे ढकलतो, मागचा आवाज पुढे येऊच शकत नाही. मला पटलं. मी बहिणीला जाऊन तेच सांगितलं. तिनं मान हलवली. त्या दिवसांत ती कशालाही मान हलवत होती.

आणि आता अकरा महिन्यांनी तो परत त्याच माळावर निघाला होता. या वेळी भावाशिवाय. मी सोबत, कारण जीप माझी आणि काळजी बहिणीची. वाटेत त्याला तांडेलांच्या हातचा नारळ हवा होता. लांबच्या सफरीला निघणाऱ्याला तांडेल नारळ देतात, तो दर्याला द्यायचा, अशी इथली रीत आहे.

नारळ हेरंबनंच आणला होता. तांडेलांनी तो हातातही घेतला नव्हता.

“नारळ द्या,” हेरंब म्हणाला, “आणि एकदा मामांच्या देखत सांगा, की चूक माझी नव्हती. वारं तुमच्याइतकं कुणाला कळतं?”

तांडेल उठले. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश.

“गाडी उतरव.”

“आत्ता?”

“व्हटी हाय.”

आम्ही टपावरून गाडी उतरवली. हेरंबच्या अंगात जान आली. सुधन्वानं घातलेले नटबोल्ट त्यानं एकेक करून पाहिले, डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. तांडेलांनी आपल्या जुन्या लुंगीच्या दोन चिंध्या फाडल्या. एक डोलकाठीला बांधायला लावली. दुसरी एका काठीला बांधून काठी वाळूत रोवली.

मग म्हणाले, “जा. दक्षिणेकडच्या खडकापतोर जा आनि ये. चिंधीवर डोळा ठेव.”

हेरंब सुटला. खरंच सांगतो, बघत राहावं असा चालवतो तो. एक चाक वाळूवरून सुटलेलं, अंग बाहेर झुकलेलं, दोरी मुठीत. डोलकाठीवरची चिंधी ताठ मागे फडफडत होती.

माझ्या शेजारच्या काठीवरची चिंधी मात्र तो गेला त्याच दिशेला उडत होती.

मी दोनदा डोळे चोळले. एकच पुळण, एकच वेळ, आणि दोन चिंध्यांची तोंडं दोन दिशांना. तांडेलांकडे पाहिलं तर ते कावळ्यांकडे पाहत होते.

परतीला वारा आडवा घेत घेत यावं लागतं, त्यामुळे त्याला वेळ लागला. आला तेव्हा घामेजलेला होता आणि खूश होता. कितीतरी महिन्यांनी मी त्याला खूश पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

“वारा खुटून व्हता?” तांडेलांनी विचारलं.

“जाताना ना? समोरून. तुम्हीच पाहिलंत ना, चिंधी मागे होती.”

“परत जा. आनि माज्या हाताकडं बग. हात वर केला की दोरी सोड.”

हेरंब पुन्हा सुटला. शंभरेक पावलं गेला असेल, तांडेलांनी हात वर केला. त्यानं दोरी सोडली. गाडी घरंगळत गेली आणि थांबली.

डोलकाठीवरची चिंधी ढिली पडली. क्षणभर तशीच लोंबकळली. मग हळूहळू उचलली गेली, फिरली, आणि हेरंबच्या डोक्यावरून पुढे उडायला लागली.

हेरंब तिच्याकडे पाहत बसला...

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्यानंच मला एकदा समजावलं होतं, की शिडाची गाडी वाऱ्यापेक्षा जोरात पळते. वारा मागून तिरका असला तरी धावणाऱ्याला तो समोरूनच लागतो. तो समोरचा वारा धावणारा स्वतःच तयार करतो. तेव्हा त्यानं कागदावर दोन बाण काढले होते, एक समोरून आणि एक मागून.

घरच्यांना त्यानं जो कागद दाखवला, त्याच्यावर मागचा बाण नव्हता. हे मला त्या पुळणीवर उभं राहून आठवलं. अकरा महिने आठवलं नव्हतं.

तांडेल आता हेरंबकडे जातील असं मला वाटलं. ते उलट दिशेला चालू लागले. उत्तरेकडे, वारा येत होता तिकडे. वीसेक पावलं गेले. मग ओल्या वाळूत खाली बसले, आणि बसल्याजागी आडवे झाले. एक पाय दुमडलेला, एक पसरलेला. ऐंशीच्या पुढचा माणूस, लुंगी भिजत होती, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मी धावलो. त्यांनी हातानंच मला थोपवलं.

मग ते बोलले. ओरडले नाहीत. अंगणातून घरात हाक द्यावी तितक्या आवाजात म्हणाले,

“दादा... दादा, थांब.”

हेरंबनं झटकन मागे वळून पाहिलं.

तो वाद घालू शकला असता. गाडी थांबलेली असताना ऐकू येणं वेगळं आणि पळत असताना वेगळं, चाकांचा आवाज असतो, कानात वारा असतो, हे सगळं त्याला मांडता आलं असतं. मी तर वाट पाहत होतो त्यानं ते मांडावं म्हणून. माझ्या मनात एवढंच होतं की याच्याकडे उत्तर असू दे. नाहीतर मी बहिणीला इतके दिवस काय सांगत आलो?

तो गाडीतून उतरला. गाडी तशीच सोडून चालत आला. शीड मागे फडफडत राहिलं, ते गुंडाळायचंही त्याला सुचलं नाही. आला आणि तांडेलांच्या पायाशी वाळूत बसला.

...

“ऐकू आली होती,” तो म्हणाला.

तांडेल उठून बसले. 

मग त्यानं सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता, एकेका वाक्यानंतर थांबत. हाक दोनदा आली होती, अगदी स्पष्ट. पण आधीच्या प्रत्येक पुळणीवर सुधन्वा मागे पडला की असाच ‘थांब’ म्हणायचा, तेव्हा त्याला वाटलं हा शर्यत हरतोय, म्हणून ओरडतोय. त्यानं दोरी आणखी वीतभर ओढली.

माळाच्या टोकाला जाऊन त्यानं हेल्मेट काढलं, वहीत वेग लिहिला. आजवरचा सगळ्यात जास्त होता. मग तो आकडा सुधन्वाला दाखवायचा म्हणून वाट बघत बसला. तो येईना, तेव्हा रागावला. रागावून आणखी थोडा वेळ बसला.

“किती येळ?” तांडेलांनी विचारलं.

“चाळीस मिनिटं.”

...

“परत गेलो, तेव्हा तो गाडीखाली होता,” हेरंब म्हणाला. “आवाज बसला होता त्याचा. नुसते ओठ हलत होते. मी अगदी जवळ गेलो तरी तो माझ्याकडे न बघता हाक मारतच होता.”

मला तिथे उभं राहवेना. मी वळून समुद्राकडे पाहत राहिलो. सुधन्वाला मी ‘जा’ म्हटलं होतं आणि मोठ्याचं खोटं मी घरोघर पोचवलं होतं. धाकट्याच्या त्या एका वाक्याबद्दल मात्र आमच्यापैकी कुणी त्याला कधी विचारलं नाही.

लांब आमची शिडाची गाडी वाऱ्यानं आपोआप थोडी थोडी सरकत होती. कुणी तिला धरायला गेलं नाही.

हेरंब बराच वेळ रडला. तांडेलांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, समजूतही घातली नाही. नारळ वाळूत पडला होता, तो तसाच पडून राहिला.

डोळे पुसून झाल्यावर हेरंब म्हणाला, की कच्छला तो आता जाणार नाही. तांडेलांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

“बाबा, मी त्याला रोज फोन करतो. अकरा महिने झाले. एकदाही उचललेला नाही त्यानं. दिवाळीला दुकानात गेलो, तर मला बघून आत निघून गेला. मी पायरीवर बसून राहिलो दुपारभर. नावानं हाका मारल्या, सगळ्या गल्लीनं ऐकल्या...”

तांडेल लुंगीचं ओलं टोक पिळत होते.

“त्याला ऐकू जातं, बाबा. तरी येत नाही. आणखी किती दिवस हाका मारू मी?”

धाकू तांडेलांनी हातावरची वाळू झटकली. पाण्याकडे पाहिलं. भरती लागायला सुरुवात झाली होती.

“त्याची चाळीस मिन्टं,” ते म्हणाले, “अजून सरली नसतील.”