वाकणवाडीच्या घंटेचा दोर

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, नदीवर पूल नव्हता तेव्हाची. बसा नीट. मधे उठायचं नाही, कोणी उठलं की मी पहिल्यापासून सुरू करतो, मग बोंबलू नका.

नदी जिथे गावाला वळसा घालते तिथे वाकणवाडी. काठावर ख्रिस्ती लोकांचं दगडी मंदिर, आणि मंदिरापुढे दोन उंच खांबांच्या मधे घंटा. त्या घंटेची कामं दोन. रविवारी माणसांना उपासनेला बोलवायचं, आणि पाणी आलं की सावध करायचं. आता तुम्ही म्हणाल, पाणी काय, दिसतंच की. तर तसं नव्हतं. उन्हाळ्यात नदी आटायची, मधे वाळूचं मोठं बेट उघडं पडायचं, आणि सगळं गाव त्या बेटावर टरबुजं लावायचं. खोपी घालायचे, पोरंबाळं तिथेच लोळायची. आणि लांब डोंगरात कधी वळीव कोसळला, की इकडे डोक्यावर निळंशार आभाळ आणि पायाखाली पूर! घंटा वाजली की हातातलं टाकून काठावर पळायचं, एवढंच लहानथोरांना ठाऊक.

त्या गावात गिदोन नावाचा दोर वळणारा होता. पण गिदोन कोण म्हणणार? गाव त्याला गिदोबाच म्हणायचं. मंदिराशेजारच्या चिंचेखाली त्याची जागा. अंबाडी भिजवायची, तिच्या सालीचा वाक, म्हणजे तंतू, काढायचा, पेडावर पेड घालत पीळ द्यायचा आणि गुणगुणत राहायचं. त्याच्या दाव्याला बांधलेली गाय रात्रभर हंबरत नसे, असं म्हणतात. त्याच्या दोराच्या पाळण्यात रडकं पोरसुद्धा हसत झोपायचं, असंही म्हणतात. काही बाया तर सांगायच्या, दोराला कान लावला की आत गिदोबाचं गुणगुणणं ऐकू येतं. मी लावून पाहिलाय. मला काही ऐकू आलं नाही, पण माझे कान पहिल्यापासूनच यथातथा.

माणूस सोन्यासारखा, खोड एकच. त्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. कोणी म्हणालं, गिदोबा, कासरा हवाय, तर हो. गिदोबा, लग्नाला याल ना, तर हो. त्याच दिवशी दुसरीकडे बारसं, तिकडेही हो. ‘हो’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलायचा, आणि तो खुललेला चेहरा बघायची गिदोबाला भारी हौस. पुढचं पुढे. त्याची बायको तबीथा म्हणायची, “अहो, तुमच्या तोंडाला कुलूप लावायला हवं.” त्यावर गिदोबा म्हणायचा, “हो, लावू की.”

तर या तबीथाला लेक झाली आणि लेक रडेना. निळी पडली, श्वास घेईना. सुईणीनं मान हलवली. गिदोबा दाराबाहेर मातीत गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, “देवा, एवढं लेकरू दे. तुझ्या घंटेला नवा दोर वळून देईन. माझ्या हातून होईल तितका चांगला देईन.” आणि आत पोर रडली. अशी रडली, की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. तिचं नाव रूथ ठेवलं. दुसऱ्या रविवारी गिदोबानं उभं राहून सगळ्या मंडळीसमोर आपला शब्द सांगितला, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं.

मग काय, वळला का दोर?

कुठला! त्यानं उत्तमातली अंबाडी निवडून बाजूला ठेवली. तोवर शेजारी आला, त्याची गाय विहिरीत पडलेली, गिदोबानं ती अंबाडी त्याला दिली. दुसऱ्या वर्षी ठेवली ती कोणाच्या पाळण्याला गेली. तिसऱ्या वर्षी आणखी कोणाला. वाईट कामाला काही गेलं नाही, हे खरं. पण माणसं दारात उभी राहतात, तोंड पाडून बसतात, दहादा विचारतात. देव बिचारा दारात येऊन तगादा लावत नाही. गिदोबा रोज संध्याकाळी खांबाकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, “देवा, उद्या नक्की.” आणि देव काही बोलायचा नाही. गप्प राहणाऱ्याला आपण खुशाल थांबवून ठेवतो, नाही का?

रूथ चालायला लागली, पळायला लागली, बापाच्या खांद्याला लागली. घंटेचा जुना दोर मात्र झिजून सुतळीसारखा झाला. दुसरं कोणी नवा बांधत नव्हतं. का बांधतील? गिदोबा देणार आहे ना! त्याच्या एका शब्दावर सगळं गाव निर्धास्त होतं. तोच तर घोळ होता.

एका उन्हाळ्यात, झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी, गिदोबा चिंचेखाली एक दोर पुरा करत होता. जन्मात वळला नव्हता असा तो दोर. जाड, गुळगुळीत, सायीच्या रंगाचा. कोणासाठी? आबाजी पाटलांच्या मोटेसाठी. विहिरीतून मोट ओढायचा त्यांचा नाडा तुटला होता, मोट थांबली होती, ऊस करपायला लागला होता. गिदोबानं सकाळीच शब्द दिला होता, आणि पाटलांचा गडी हैबती दोर न्यायला समोर येऊन बसला होता. दुपार अशी होती, की झाडं उभ्याउभ्या झोपलेली. बेटावरची माणसं उन्हाच्या झळांत पाण्यात दिसावीत तशी हलत होती, आणि त्यांत रूथही होती.

मंदिराची देखभाल मार्थाबाई करायच्या. त्यांनी सहज वर पाहिलं, तर नदीच्या वरच्या अंगाला बगळे एकदम उठले, आणि त्यांच्याखाली मातकट रेघ सरकत येत होती. मार्थाबाईंनी धावत जाऊन दोर ओढला.

टण्ण! एकच टोल पडला, आणि दोर तुटून मार्थाबाईंच्या अंगावर आला.

बेटावरच्या माणसांनी माना वर केल्या. पुढचा टोल येईना. पोरं खेळत असतील, असं म्हणून सगळे पुन्हा टरबुजांत वाकले. पण चिंचेखाली गिदोबा ताडकन उठून उभा राहिला. तो दोर का तुटला, हे सगळ्या गावात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आपला शब्द तिकडे तुटून पडलाय, आणि आपली लेक बेटावर आहे.

“हैबती, तो दोर इकडे दे.”

हैबती दोराची गुंडाळी उराशी धरून म्हणाला, “अहो गिदोबा, काय बोलताय? पाटलांचा आहे हा. सकाळी हो म्हणालात ना?”

जन्मभराचं ‘हो’ गिदोबाच्या ओठांवर आलं. हैबतीचा चेहरा पडला होता, आणि पडलेला चेहरा त्याला कधी सोसला नव्हता. पण त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, “नाही.”

त्या एका शब्दानं झोपलेली चिंच दचकून जागी झाली, असं म्हणतात. हैबतीनं तर उभ्या आयुष्यात गिदोबाच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. त्याच्या हातातून गुंडाळी आपोआप सुटली.

“नाही, हैबती. हा आधी दुसऱ्याला बोललेला आहे. पाटलांना मी स्वतः तोंड दाखवीन.”

आणि तो म्हातारा, गुडघे कुरकुरणारा माणूस खारीसारखा खांबावर चढला. वर गाठ मारली, खाली आला, आणि दोन्ही हातांनी दोर ओढला. घंटा वाजायला लागली. तशी घंटा आधी कोणी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. पलीकडच्या गावात विहिरीवरच्या बायांच्या घागरी घुमायला लागल्या, झोपलेली बाळं हसायला लागली, आणि पाटलांची नदीत उतरलेली गुरं शेपट्या वर करून काठावर पळाली. बेटावरची माणसं तर हातातली टरबुजं टाकून धावलीच. सगळी काठाला लागली.

सगळी म्हणजे एक सोडून. रूथ अर्ध्या वाटेवरून मागे वळली होती. शेजारणीचं तान्हं खोपीतल्या झोळीत राहिलं होतं, आई एका वाटेनं धावली, आजी दुसरीनं, आणि दोघींना वाटलं दुसरीनं घेतलं. रूथनं तान्ह्याला उचललं, आणि बाहेर येऊन बघते तर चारी बाजूंना पाणी. बेट भाकरीएवढं उरलं होतं, आणि तीही कडेकडेनं विरघळत होती.

तबीथा काठावर ऊर बडवत होती. नाव नव्हती, पोहणाऱ्याची छाती नव्हती. गिदोबाला खांबापासून सगळं दिसत होतं. त्यानं दोर सोडला नाही. डोळ्यांतून पाणी गळतंय, हात ओढताहेत, आणि तो म्हणाला, “देवा, मी उशीर केला. तू करू नकोस.”

आता पुढचं ज्याला पटेल त्यानं घ्यावं. एक टोल पडला आणि दोर हातभर लांब झाला. दुसरा टोल पडला, आणखी हातभर. वरून कोणी सोडत असावं तसा दोर खाली येत गेला, गिदोबाच्या पायांशी साठत गेला, आणि मग त्याचं टोक मंदिराच्या पायऱ्या उतरून, वाळूवरून, अगदी सावकाश, घाई नसल्यासारखं नदीकडे निघालं. माणसं दोन्ही बाजूंना सरली. टोक पाण्यात शिरलं. एवढा तांबडा लोंढा, झाडं उपटून नेणारा, पण दोराला त्यानं वाट दिली. त्या वेळी घंटेशिवाय कसलाच आवाज नव्हता, पाण्याचाही नाही, असं म्हणतात. दोर रूथच्या पायाशी जाऊन थांबला. तिनं तो कमरेला बांधला, तान्ह्याला डोक्यावर धरलं आणि पाण्यात पाऊल टाकलं. काठावरून सगळ्या गावानं ओढलं. सगळ्यांत पुढे कोण होता? हैबती!

रूथ काठाला लागली तेव्हा तान्हं झोपेत हसत होतं. दुसऱ्या दिवशी दोर मोजला, तर मोटेला लागतो तेवढाच होता.

गिदोबानं लेकीला पोटाशी धरलं, पोटभर रडला, आणि तशाच ओल्या कपड्यांनी पाटलांच्या दारात गेला. “पाटील, तुम्हाला दिलेला शब्द मोडला. वर्षानुवर्षं सगळ्यांना हो म्हणत आलो, त्यातला हा एक. नवा नाडा वळून होईपर्यंत अन्नाला शिवणार नाही.” पाटलांनी त्याला ओसरीवर बोलावलं. मग म्हणाले, “गिदोबा, माझी गुरं कोणाच्या घंटेनं वाचली? आधी जेव. रिकाम्या पोटी वळलास तर पीळ ढिला पडेल.” आणि दोघे एका ओसरीवर भाकरी खात बसले. त्या काळात ही काही लहान गोष्ट नव्हती.

तेव्हापासून गिदोबा बदलला. कोणी काही मागितलं की तो लगेच बोलत नसे. एक पेड पुरा वळायचा, तेवढा वेळ गप्प. माणसं वैतागायची. “अहो, हो की नाही, सांगा तरी!” पण त्याचा हात थांबायचा नाही. पेड संपला की तो कधी हो म्हणायचा, कधी नाही, आणि हो म्हणाला की माणूस घरी जाऊन निवांत झोपायचा. देवाला मात्र त्यानं दरवर्षी नवा दोर द्यायचं कबूल केलं होतं, आणि वर्षातली पहिली अंबाडी घंटेचीच. बाकी गाव दारात उभं राहिलं तरी.

असा तो फार म्हातारा झाला. शेवटच्या वर्षी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, दोर वळतावळता त्याचे हात थांबले. थोडाच राहिला होता. मांडीवर वाक तसाच. तो रूथला म्हणाला, “बाळ, राहिलं गं माझं.” रूथ म्हणाली, “बाबा, मी आहे ना.” तिनं पीळ हातात घेतला, आणि गिदोबानं डोळे मिटले. तिला रडू आवरेना, पीळ सुटायला लागला, तशी तिच्या शेजारी ती तान्ह्याची आई येऊन बसली. मग हैबती आला. मग एकेका घरातून माणूस मूठभर वाक घेऊन आलं. संध्याकाळपर्यंत दोर पुरा झाला. तो बांधायला कोणी खांबावर चढायच्या आतच घंटा एकदा हळूच वाजली, असं म्हणतात.

आजही वाकणवाडीत त्या दिवशी घंटेचा दोर सगळं गाव मिळून वळतं. नदीवर पूल झाला, बेटही वाहून गेलं, पण दोर चुकलेला नाही. प्रत्येक घराचा मूठभर वाक. मात्र अट अशी, की दिलेला शब्द राहिला असेल तर दोराला हात लावायचा नाही. म्हणून सकाळपासून नुसती पळापळ! कोणी नेलेली परात परत करतंय, कोणी भावाकडे कबूल केलेला बांध घालून देतंय, कोणी कधीचं पोरांना दाखवतो म्हटलेलं माकड दाखवायला निघालंय. नवरे तर त्या दिवशी असे वागतात, की बायका म्हणतात, रोज का नाही वळत हा दोर?

दोर पुरा होत आला की सगळ्यांत वयस्क बाई उभी राहून विचारते, “राहिलंय का कोणाचं?”

मग कोणीतरी एक जण मान खाली घालून उठतो आणि घराकडे चालायला लागतो. त्याला कोणी हसत नाही, काय राहिलं म्हणून विचारत नाही. शेवटचा पेड त्याच्यासाठी मोकळा ठेवतात आणि सगळं गाव चिंचेखाली बसून राहतं. तो परत येईपर्यंत घंटा वाजवत नाहीत. पोरं कुरकुरतात, म्हाताऱ्यांच्या कमरा धरतात, पण कोणी उठत नाही. देव गिदोबासाठी इतकी वर्षं थांबला, मग आपल्याला घटकाभर थांबायला काय होतं, असं म्हणतात.