खिडकीतला डबा

"पण सर, तुम्ही सरळ 'नाही' असं का म्हणत नाही?"

केतकीने हे तिसऱ्यांदा विचारलं. कॅप्टन उकिडवे चहात बिस्किट बुडवत होते. त्यांनी ते सावकाश खाल्लं.

माळावरच्या त्या छोट्या विमानशाळेत रोज सकाळी शिकाऊ वैमानिक फळ्यावर खडूने आपलं नाव लिहीत. उड्डाण रद्द करायचं तर ज्याचं त्यानेच नाव पुसायचं. उकिडवे सरांनी गेल्या कित्येक वर्षांत कुणाचं नाव लिहिलं नव्हतं, पुसलंही नव्हतं.

केतकीचं आज शेवटचं एकटीचं उड्डाण होतं. घाट ओलांडून किनाऱ्यापर्यंत आणि परत. तुकडीतल्या बाकी सगळ्यांचं ते झालं होतं, आणि या बाईसाहेबांना मागे राहायची सवय नव्हती.

"दोन्हीकडे स्वच्छ आहे सर. फक्त घाटावर ढग उतरलेत. दहा मिनिटांचा तर घाट!"

"हं."

"म्हणजे जाऊ?"

"तुला काय दिसतंय?"

"...ढग."

"मग?"

"पण थोड्या वेळाने निवळलं तर? घाबरली म्हणून सगळे हसतील मला."

"हसतील की. आपली पोरं कधी गप्प बसलीत?"

केतकीने फणकाऱ्याने आपला डबा खिडकीत ठेवला. एकट्याने उडायला जाणारा आपला डबा तिथे ठेवून जाई आणि परत आल्यावर खाई, अशी तिथली पद्धत होती.

खिडकीत आणखी एक स्टीलचा डबा होता. लख्ख घासलेला. झाकणावर नाव कोरलं होतं, सारंग वाघोळे. इतके दिवस तिने ते वाचलंच नव्हतं.

"हा कोण, सर?"

"होता एक. असाच विचारायला आला होता, जाऊ का म्हणून. मी म्हटलं, बघ, जमेल तुला."

केतकीने झाकणावरचं नाव पुन्हा वाचलं.

"पोळीभाजी मीच काढली. डबा घासला. त्याच्या आईला नेऊन द्यायचा म्हणून... पण रिकामा डबा परत कसा द्यायचा?"

"...कधीची गोष्ट सर?"

"नऊ वर्षं झाली. आत काय घालून द्यावं, ते सुचत नाही."

त्यांनी रुमालाने झाकण पुसलं. त्यावर धूळ नव्हती.

केतकीला रडू आलं. रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. ती उठली, फळ्यापाशी गेली आणि तळहाताने आपलं नाव पुसून टाकलं.

दुपारी एकच्या सुमारास घाट मोकळा झाला. एकेक सुळका स्वच्छ दिसू लागला. बाहेर पोरांनी केतकीला चिडवायची एकही संधी सोडली नाही.

ती तणतणत आत आली. डोळे लाल झाले होते.

"बघा सर! गेले असते तर आत्तापर्यंत परतसुद्धा आले असते."

उकिडवे सरांनी खिडकीतला तिचा डबा उचलला, झाकण काढून तिच्यापुढे ठेवला. मग घाटाकडे पाहिलं.

"त्या दिवशीही दुपारी असंच निवळलं होतं," ते म्हणाले. "जेव."