घाटावरचे दोन नियम

एकदा एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती. अलीकडच्या तीरावर एक वृद्ध सुईण राहत असे. पोटात आडवे आलेले मूल नुसत्या हाताने वळवावे तर तिनेच.

एके सकाळी पलीकडून बोलावणे आले. तिथल्या नावाड्याची सून दोन दिवस कळा सोसत होती. मूल आडवे, आणि गावच्या तरुण सुईणीला ते वळेना. आडवे मूल म्हणजे काय, हे सोसलेल्या बाईलाच कळते. वृद्धा शिष्येला घेऊन तशीच निघाली.

पलीकडच्या घाटावर नाकेदाराने अडवले. परक्या सुईणीसाठी तिथे दोन नियम होते. तिची नखे, हात आणि हत्यार तिथल्या सुईणीने तपासायचे. आणि ती वर्षभर त्या राज्यात राहिलेली असायला हवी.

वृद्धेने मुकाट्याने हात पुढे केले. तिला न्यायला घाटावर आलेल्या त्या तरुण सुईणीने नखे उलटसुलट पाहिली, नाळ कापायचा विळा नुसता आगीत धरलेला इथे चालत नाही म्हणाली, आणि पाण्यात उकळायला लावला. शिष्या मनातून चरफडली. चाळीस वर्षे बाळंतपणे केलेल्या बाईला ही कालची पोर शिकवते!

दुसऱ्या नियमाला मात्र वृद्धा तिथेच पायरीवर बसली.

"हा नियम बाळंतिणीच्या कोणत्या दुखण्यावर आहे, तेवढं सांगा दादा. मग मी माघारी जाते."

नाकेदाराला सांगता येईना. शेवटी तरुण सुईणच पुढे झाली. "मी यांच्या शेजारी उभी राहते. काही कमीजास्त झालं तर मला विचारा."

दुपारी मूल रडले. आई वाचली.

परतताना नावेत शिष्येने विचारले, की एक नियम निमूट पाळलात, मग दुसऱ्यालाच का अडून बसलात?

वृद्धा म्हणाली, "आपण विळा आगीत धरतो, ते पाण्यात उकळतात. रीत वेगळी, काळजी तीच. ती मानण्यात माझं काय जातं? दुसरा नियम बाळंतिणीसाठी नव्हता गं. तो तिथल्या सुईणींचं काम राखायला होता."

"म्हणजे खोटाच की, आजी."

"त्यांनाही पोट आहे, पोरी. म्हणून तर मूल वळवताना त्या सुईणीचे हात माझ्या हाताखाली घेतले. आता तिला येईल."

शिष्येला आठवले. गेल्या वर्षी पलीकडची एक सुईण आपल्या घाटावरून परत पाठवली होती. तिची नखे कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. परत पाठवणाऱ्यांत शिष्या स्वतः होती.