तीन घरच्या सुया

एका राज्यात सुया घरोघरी होत्या, पण सुई करणारा एकही नव्हता.

राज्य डोंगराळ होते. राजधानी उंच गडावर, आणि गडावर ना विहीर ना झरा. पाणी यायचे खालच्या नदीवरून, रेड्यांच्या पाठीवरच्या चामड्याच्या पखालींतून. शेताला पाणी पाजणारी मोट चामड्याची, घोड्यांची खोगिरे शिवलेली, धान्याची पोतीही शिवलेली. म्हणजे सारे राज्य टाक्याटाक्याने उभे होते, आणि टाका घालणारी प्रत्येक सुई एकाच जादूगाराकडून येत होती.

जादूगाराचे नाव वज्रनख. काळकड्यावर त्याचे ठाणे. बारा वर्षांपूर्वी तो दरबारात आला आणि त्याने ओंजळभर सुया राजा सिंहकेतूपुढे ठेवल्या.

"या गंजत नाहीत, मोडत नाहीत, बोथट होत नाहीत," तो म्हणाला. "हव्या तितक्या देईन, फुकट देईन. एवढंच करा, राज्यात दुसरी सुई ठेवू नका."

राजाला आनंद झाला. दवंडी पिटली. नदीवर सुयांचे विसर्जन ठरले. ढोल वाजले, गुलाल उधळला, आणि लोकांनी घरातल्या लोखंडी सुया, दाभणे, सारे काही डोहात सोडले. सुई घडवणारे सात लोहार होते. त्यांना एकेक शाल मिळाली, आणि वज्रनखाने आणलेल्या काळ्या शिळेवर त्यांनी हात टेकले. शाल खांद्यावर आली, हातातली विद्या शिळेत गेली. लोहार घरी परतले तेव्हा हातोडा कोणत्या टोकाने धरायचा हे त्यांना उमगेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अशा वेळी टाळ्यांना लोकांचे हात मोकळेच असतात.

त्या सातांपैकी आता एकच उरला होता, म्हातारा हैबती. त्याची लेक गोजरा गडाच्या पखाली शिवायची.

एका सकाळी गोजरा ओट्यावर बसून पखालीला ठिगळ लावत होती. हातातली सुई वळवळली आणि वाकडी झाली. तिने दुसरी घेतली, तीही वाकडी. शेजारून शिंप्याची ओरड आली, पलीकडून चांभाराची. पहिला प्रहर सरायच्या आत राज्यात एकही सुई सरळ उरली नाही.

दुपारी वज्रनखाचा दूत आला. निरोप थोडक्यात होता: "नदी माझ्या नावे करा. नवव्या दिवशी मी येईन. राजमुद्रा उमटली की सुया सरळ होतील."

गडाच्या हौदात नऊच दिवसांचे पाणी होते. उरल्यासुरल्या पखाली चढणीवर एकामागून एक उसवत होत्या. प्रधान म्हणाला, "देऊन टाकावी, महाराज. नदी काय कुठे पळून जाते आहे?"

फाटकी पखाल खांद्यावर टाकून गोजरा दरबारात उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नदी दिलीत की आपण त्याच्या दारातले झालो," ती म्हणाली. "मग पाणी प्यायलाही त्यालाच विचारायचं का?"

"उपाय आहे तुझ्यापाशी?" राजाने विचारले.

"नाही. पण नऊ दिवस आहेत. ते मला द्या. तोवर मुद्रेला हात लावू नका."

राजाने मान खाली घातली आणि नऊ दिवस दिले. देण्यासारखे त्याच्यापाशी दुसरे काही उरलेही नव्हते.

गोजरा घरी आली. परसातल्या उंबरावर एक शिंपी पक्षी दोन पाने कडेला कड लावून शिवत होता. चोच आत, चोच बाहेर, धागा कोळ्याच्या जाळ्याचा.

"तुझी बरी चालतेय सुई," ती कडवटपणे म्हणाली.

"माझी चोच माझी आहे," पक्षी बोलला. "तुमच्या सुया कोणाच्या, कधी विचारलंत?"

"वज्रनखाच्या."

"त्याच्या म्हणजे त्याच्या बोटांच्या. तो नखं कापतो, तुम्ही त्यांनी शिवता. त्याने मूठ मिटली की नखं वळतात."

गोजराने थू करून तोंड पुसले. बारा वर्षे ती सुई ओठांत धरून दोरा ओवत आली होती.

"यातून सुटायचं कसं?"

"त्याच्या नखाने फाडलेली पखाल त्याच्यासमोर शिवून दाखव. शेवटचा टाका पडला की त्याची मूठ उघडेल, शिळेतली विद्याही सुटेल. पण दिवसाला तीन मंत्र त्याला चालतात, आणि एका मंत्राला एक सुई बळी जाते. तीन घरच्या तीन सुया आण. एक रानाची, एक पाण्याची, एक माणसाची. पुढचं तू बघ. मी पक्षी आहे, मला अंड्यांकडे जायचंय."

पहिली वाट रानाची. बाभळीच्या रानात बोरजाई राक्षसीण राहायची. तिच्या डोक्यावर केसांच्या जागी काटे होते.

"सुई हवी?" बोरजाई म्हणाली. "माझे केस विंचर. हाताला रक्त आलं तरी हूं की चूं करायचं नाही."

गोजराचे हात कच्चे चामडे ओढून ओढून घट्ट झालेले. तिने फणी टाकून दिली आणि बोटांनीच विंचरायला घेतले. रक्त आले, कोपरापर्यंत ओघळले. ती ओठ आवळून बसली. दिवस कलला तेव्हा राक्षसिणीचे डोळे मिटत आले होते. दोनशे वर्षांत तिच्या डोक्यावरून कोणी हात फिरवला नव्हता.

"पोरी, सगळं रान घे," ती म्हणाली. "लागतील तितक्या सुया, फुकट, कायमच्या. एवढंच कर, दुसऱ्या दारी जाऊ नकोस."

'एवढंच' हा शब्द गोजराने आधीही ऐकला होता. 

"आई, मला एकच काटा दे," ती म्हणाली. "लागला तर पुन्हा येईन, विंचरून जाईन. पण दुसऱ्या दारी मी जाणार."

बोरजाई अशी चिडली की रानभर काटे उभे राहिले. पण केस विंचरून झाले होते, शब्द फिरवता येत नव्हता. तिने डोक्यातला सर्वांत लांब काटा उपटून गोजराच्या पुढ्यात फेकला. तीन दिवस गेले होते.

दुसरी वाट पाण्याची. नदीच्या डोहात माशांचा राजा होता, कोठाराच्या दाराएवढ्या तोंडाचा. तो काठाशी आला तो कण्हतच.

"माझ्या जबड्यात तुमचा उत्सव रुतलाय," तो म्हणाला. "बारा वर्षं धड घास गिळलेला नाही. तो काढ, मग माग."

गोजरा कंबरभर पाण्यात उतरली, त्याच्या तोंडात शिरली, आणि दातांनी धरून ते लोखंड ओढून काढले. लांबलचक दाभण होते, गंजलेले. दोरा ओवायच्या नेढ्यापाशी तीन बारीक रेघा होत्या.

 त्या रेघा म्हणजे हैबतीची खूण होती. लग्नाच्या वर्षी त्याने हे दाभण गोजराच्या आईसाठी घडवले होते. आई गेल्यावर तेवढे एकच घरात उरले होते, आणि कपाळाला गुलाल लावून, ढोलाच्या तालावर, ते डोहात फेकले होते गोजरानेच. कोणी जबरदस्ती केली नव्हती. ती पाण्यात उभी राहून मोठ्याने रडली. 

"रडून झालं की हे घे," माशांचा राजा म्हणाला. त्याने आपल्या आजोबांच्या बरगडीची सुई तिला दिली, पांढरीशुभ्र. "आणि ते दाभणही ने. तुमचं आहे, तुमच्याकडेच असू दे."

सहा दिवस सरले. हौदाचा तळ दिसू लागला होता. गडावर माणशी एक वाटी पाणी मिळत होते.

तिसरी वाट घरची होती, आणि तीच सगळ्यांत अवघड निघाली.

हैबती ओसरीवर शाल पांघरून बसला होता. बारा वर्षांत तिच्या चिंध्या झाल्या होत्या, पण तो ती सोडत नव्हता. गोजराने दाभण त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने रेघांवरून बोट फिरवले आणि ओळखले. आठवण होती, विद्या नव्हती.

"आबा, याची सुई करायचीय."

"गोजरे, मला येत नाही."

"मला येतं. लहानपणी भाता मी ओढायची. तुम्ही काय बोलायचा ते सगळं माझ्या कानात आहे. मी सांगते, तुम्ही मारा."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडू दे. तो हसेल म्हणून हात बांधून बसायचं का?"

म्हाताऱ्याने शाल काढली, घडी केली आणि भट्टी पेटवायला तीच आत सारली. गोजराने भाता धरला.

"अकरा वेळा ओढायचा, मग थांबायचं. लोखंड जास्वंदीच्या रंगावर आलं की बाहेर. हातोडा उजव्या हातात, आबा, तो दांडा आहे, तिथे धरा. आता हलक्या हाताने. रागावल्यासारखं मारू नका, असं तुम्हीच म्हणायचा."

पहिली सुई तुटली. दुसरी जळाली. आठव्या दिवसाच्या संध्याकाळी तिसरी जमली: जाड, बेढब, मध्ये किंचित वाकलेली. तिला पाहून हैबती लहान मुलासारखा हसला. दाभणाचे थोडे लोखंड उरले होते, ते त्याने बाजूला ठेवले.

नवव्या दिवशी वज्रनख दरबारात आला. राजाने मुद्रा हातात घेतली होती. इतक्यात गोजरा आली, पाण्याने भरलेली पखाल खांद्यावर घेऊन. हौदातले शेवटचे पाणी होते ते.

"नदी मागणाऱ्या," ती म्हणाली, "ही पखाल फाड. मी शिवते. शिवली तर मूठ उघड. नाही शिवली तर नदी तुझी."

वज्रनख हसला. त्याने करंगळीचे नख पखालीवरून ओढले. हातभर चीर पडली, पाणी भळभळा वाहू लागले. गोजराने पखालीला गुडघा लावला आणि काटा काढला.

एक टाका, दोन, तीन, चार. वज्रनखाने पहिला मंत्र म्हटला. काटा पेटला, राख झाला. गोजराने बोटे झटकली आणि हाडाची सुई काढली.

पाच, सहा, सात, आठ. दुसरा मंत्र झाला. हाड कडकन फुटले. गोजराने मान वरही केली नाही. लोखंडाची सुई काढली.

"ही कोणाची?" वज्रनखाने विचारले. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

"तू ज्याचे हात नेलेस त्याची."

नऊ, दहा, अकरा. तिसरा मंत्र झाला. सुई तांबूस झाली, भुगा झाली, गोजराच्या मांडीवर सांडली. एक टाका उरला होता. तेवढ्या भोकातून उरलेले पाणी जमिनीवर चालले होते.  प्रधान हळूच म्हणाला, "महाराज, मुद्रा."

गोजराने भोकावर तळहात दाबून धरला. सुई नव्हती, तरी तिने हात काढला नाही. "मुद्रा खाली ठेवा!" ती राजावर ओरडली. कोणी राजावर असे ओरडत नसते.

तेव्हा गर्दीतून हैबती पुढे आला. त्याने पागोट्यात हात घातला आणि एक सुई काढली, कालच्या सुईपेक्षाही वेडीवाकडी.

"सकाळी केली," तो म्हणाला. "तू नव्हतीस घरात. एकट्यानेच केली, पोरी."

वज्रनखाने तोंड उघडले, पण त्याच्यापाशी मंत्र उरला नव्हता. गोजराने बारावा टाका घातला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. पखाल उचलून धरली. एक थेंब गळला नाही.

वज्रनखाची मूठ उघडली. दहाही नखे खळाखळा गळून पडली, आणि नखांवाचून तो एक साधा, थकलेला म्हातारा दिसू लागला. आपल्या बोडक्या बोटांकडे पाहत तो गड उतरून गेला. राज्यभरच्या त्याच्या सुयांचा चुरा झाला. काळकड्यावर शिळा तडकली, आणि हैबतीच्या हातांत एवढी विद्या परत आली की तो उभ्या जागी थरथरला.

राजा सिंहासनावरून उठला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आजपासून राज्यातल्या सगळ्या सुया हैबतीच करील. दुसऱ्या कोणी करू नयेत!"

दरबाराने टाळ्या वाजवल्या.

"बंद करा त्या टाळ्या!" गोजरा गरजली. "महाराज, माझा बाप भला माणूस आहे. पण उद्या तो आजारी पडला, रुसला, मेला, तर? आज तो एकटा पुरला असता का? काटा जळाला तेव्हा हाड होतं, हाड फुटलं तेव्हा लोखंड होतं, म्हणून पाणी राहिलं."

हैबतीने हात जोडले. "महाराज, एवढी मोठी मूठ मला देऊ नका."

राजा खाली बसला.  मग त्याने आपली आज्ञा मागे घेतली.

हैबतीने दारात येईल त्याला विद्या शिकवली. वर्षभरात सुईच्या भट्ट्या तीन खोऱ्यांत पेटल्या. गोजरा दर साली एकदा बोरजाईचे केस विंचरायला जाई आणि एक काटा घेऊन येई, आणि डोहाच्या काठी कोळी हाडांच्या सुया करू लागले.

त्या राज्यात अजून लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत तीन सुया घालतात, तीन वेगवेगळ्या घरच्या. एका घराने दोन द्यायच्या नाहीत. आणि कोणी गोडबोल्या दारात येऊन 'सगळं फुकट देतो, एवढंच करा' म्हणाला, की तिथल्या बाया त्याला पाट देतात, पाणी देतात, आणि आधी त्याची नखे बघतात.